‘आपल्या लोकांची लायकीच नाही’ हे वाक्य आता बंद करा

पुण्यात भाड्याच्या सायकलींचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, दिल्या होत्या ना सायकली. लोकांनी नदीत टाकल्या, सीटा पळवल्या. आपल्या लोकांची लायकीच नाही." आणि सगळे माना डोलावतात. काल ऑफिसात हेच झालं. म्हणणारा गृहस्थ रोज गाडीनं येतो, एकटा. ती सायकल त्यानं एकदाही चालवलेली नाही. मी चालवली आहे, रोज, ऑफिसला जायला. म्हणून माझं डोकं फिरलं आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात या सायकली आल्या. मग हळूहळू बाकीच्या भागांत पसरल्या. पेडल, ओफो, मोबाइक, युलू, एकापाठोपाठ एक कंपन्या, पिवळ्या-केशरी-निळ्या सायकली. फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करा, कुलूप उघडेल, हवं तिथं सोडा, निघून जा. अर्ध्या तासाला नाममात्र पैसे. मला ही कल्पना आजही शंभर टक्के पटते. बसस्टॉपपासून माझं ऑफिस दोन-अडीच किलोमीटर. चालायला लांब, रिक्षावाल्याला जवळ. तो मान हलवून पुढं जातो, हे पुण्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. त्या मधल्या तुकड्यासाठीच तर ही सायकल होती!

आता लायकीबद्दल बोलू.

सकाळी घाईच्या वेळी ॲप उघडायचं. नकाशावर चार सायकली दिसायच्या. पहिलीपाशी जावं तर ती एका सोसायटीच्या आत, गेट बंद, वॉचमन म्हणणार "आत नाही सोडणार मॅडम". दुसरीचा क्यूआर कोड कोणीतरी खरवडलेला. तिसरी नकाशावर आहे, रस्त्यावर नाही. चौथी मिळाली, कुलूप उघडलं, बसले, तर चेन उतरलेली. हात काळे, ड्रेसच्या सलवारीला ग्रीस, आणि मीटर मात्र कुलूप उघडल्याच्या क्षणापासून सुरू. पोचल्यावर कुलूप बंद केलं तरी ॲप म्हणायचं, राइड चालू आहे. संध्याकाळपर्यंत चालूच. वॉलेटमधले पैसे गेले. तक्रार केली की ठरावीक उत्तर यायचं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तेच वाक्य, दर वेळी. फोन उचलणारा माणूस नाही, रस्त्यावर भेटेल असा माणूस नाही. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

सीटा पळवणाऱ्यांना मी माफ करत नाहीये. सायकलला स्वतःचं कुलूप लावून ती जिन्याखाली कोंडणारे, पोरांना खेळायला घरी नेणारे, ब्रेकची वायर तोडणारे, या सगळ्यांचा मला संताप येतो. भर उन्हात एक म्हातारे आजोबा तशा मोडक्या सायकलीशी झटताना मी पाहिले आहेत. ज्यानं ती मोडली त्याच्या घरी जाऊन त्याला जाब विचारावासा वाटला होता.

पण हे फक्त पुण्यात झालं का? पॅरिसमध्ये २००७ साली व्हेलिब ही अशीच भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. तिथं सायकली चोरल्या गेल्या, मोडल्या, सेन नदीतून बाहेर काढाव्या लागल्या, हजारो सायकलींचं नुकसान झालं. २०१८ मध्ये तिथं चालवणारी कंपनी बदलली आणि कित्येक महिने सगळा सावळागोंधळ होता, लोक शिव्या देत होते. म्हणून पॅरिसनं ‘आमच्या लोकांची लायकी नाही’ म्हणत योजना गुंडाळली का? नाही. कंपनीला दंड केला, कामाला लावलं, आणि व्हेलिब आजही चालते. आपल्याकडं म्हैसूरला जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ सुरू झाली, साडेचारशेच्या आसपास सायकली आणि त्या लावायला ठरलेली स्टेशनं. सायकल कुठं घ्यायची, कुठं ठेवायची, हे माणसाला माहीत. एवढी साधी गोष्ट!

पुण्यात काय केलं? कंपन्या आपल्या खर्चानं सायकली आणणार, पालिका जागा देणार, फुकटात काम झालं म्हणून सगळे खूश. फुकट आलेल्या गोष्टीला विचारणार कोण? सायकली किती चालू असायला हव्यात, बिघडलेली किती तासांत उचलायची, सकाळी बसस्टॉपवर किती हव्यात, नसतील तर दंड किती, याची चाड कोणाला होती? सकाळी सगळ्या सायकली एकाच दिशेला जातात, त्या टेम्पोत घालून परत आणाव्या लागतात. रोज. हेच तर या धंद्यातलं खरं काम. ते कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही.

आणि कंपन्या? त्यांना पुण्यात सायकल चालवायचीच नव्हती, गुंतवणूकदारांना आकडे दाखवायचे होते. जुलै २०१८ मध्ये ओफो या चिनी कंपनीनं भारतातून काढता पाय घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बीजिंगमध्ये त्यांच्या कचेरीबाहेर डिपॉझिट परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या, ऑनलाइन वाट बघणारे एक कोटीच्या वर. २०१९ मध्ये मोबाइक या दुसऱ्या चिनी कंपनीनंही परदेशातला पसारा आवरता घेतला. चीनमध्ये पैसा आटला म्हणून पुण्यातली माझी सकाळची सोय गेली! आणि खापर कोणावर? बाणेरच्या कुठल्यातरी पोरानं सीट चोरली त्याच्यावर.

पूर्वी पेठांतून तासावर सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव लिहायचा, ब्रेक दाबून दाखवायचा, हवा भरून द्यायचा. वेळेत परत नाही आणली तर घरी यायचा, आणि सायकल खराब निघाली तर आपण त्याच्या दुकानात जाऊन भांडायचो. समोर माणूस होता. ह्याच शहरातले हेच लोक ना ते? तेव्हा होती ती लायकी कुठं गेली?

सायकल ट्रॅकचं तर बोलूच नका. नाही, बोलूच. पालिकेनं त्याच डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं, कागदावर. त्याआधी बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका करण्याच्या वेळी सातारा रस्त्याला, सोलापूर रस्त्याला ट्रॅक झाले होते. त्यांवर चालून बघा. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच झाड, मध्येच विजेची डीपी, मध्येच वडापावची गाडी, आणि प्रत्येक चौकात ट्रॅक अचानक संपतो, पुढं तुमचं तुम्ही बघा. जिथं मोकळा आहे तिथं राँग साइडनं दुचाकी. समोरून हॉर्न वाजवत येतो, मीच बाजूला व्हायचं, वर "काय ताई, दिसत नाही का?" मला? माझ्या ट्रॅकवर? अरे, ती जागा सायकलसाठी आहे, लाल रंग फासला होता त्यासाठी. मागं बायको, पुढं टाकीवर लहान मूल, आणि हा मला शिकवतोय!

सगळ्यात जास्त तळपायाची आग कशानं मस्तकात जाते सांगू? ज्या काळात रस्त्यावर सायकली होत्या, त्या काळात मेट्रो नव्हती. मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला, वनाज ते गरवारे आणि पिंपरीकडं फुगेवाडीपर्यंत. आता ती सिव्हिल कोर्टाहून स्वारगेटला जाते, मी रोज जाते तिच्यातून. गाडी वेळेत, स्वच्छ, गार. आणि स्टेशनाच्या जिन्यावरून खाली उतरलं की पुन्हा तेच. रिक्षावाला मान हलवतो. स्टेशनाला जोडणारी फीडर बस कधी येईल तिची तिला ठाऊक. आज, याच वेळी, याच जागी ती सायकल हवी होती. हजारो कोटींची मेट्रो बांधली आणि शेवटच्या दोन किलोमीटरसाठी माणसाला उन्हात उभं केलं.

आता पुन्हा कधीतरी घोषणा होईल, नवं ॲप, नवा रंग, मंडप, हार, झेंडा दाखवायला कोणीतरी साहेब. मला त्या कार्यक्रमाची पत्रिका नको. सकाळी साडेआठ वाजता माझ्या स्टेशनाबाहेर हवा भरलेल्या सायकली कोण आणून लावणार, नाही लावल्या तर त्याचं बिल किती कापणार, आणि मी फोन कोणाला करायचा, एवढं लेखी द्या.