घरे महाग झाली ती वारशाच्या नियमांमुळे का?

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वारसा जतनाच्या नियमांनी दक्षिण मुंबईतील बांधकाम गोठवले, शहराचा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण), 1.33 वरच अडकून राहिला. जुन्या इमारती कोसळतात त्याही यामुळेच. तेव्हा हे नियम उठवून एफएसआय वाढवावा, म्हणजे घरे आपोआप स्वस्त होतील.

पहिले विधान लवकर निकालात निघते. 1995 च्या वारसा नियमांनी वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या आणि ‘बंदी’ हा शब्द पहिल्या श्रेणीपुरताच कसाबसा लागू पडतो. दुसऱ्या श्रेणीत परवानगी घेऊन अंतर्गत बदल करता येतात, तिसऱ्या श्रेणीत त्याहून अधिक मोकळीक आहे. नियमांमुळे मालकाला जे बांधता येत नाही, त्याच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (न वापरलेला बांधकामाचा हक्क, जो दुसऱ्याला विकून दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो), देण्याची तरतूदही त्यांतच आहे.

1.33 हा आकडा खरा आहे, पण तो मूळ आकडा आहे आणि मजकूर लिहिणाऱ्याने तिथेच वाचन थांबवलेले दिसते. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारा एफएसआय आणि टीडीआर चढतो, आणि तो किती चढावा हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते. शहर भागात, म्हणजे उपनगरे वगळून उरणाऱ्या मुंबईत, 27 मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावर तो 3 पर्यंत जातो. उपकरप्राप्त इमारतींच्या (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या) पुनर्विकासासाठी नियम 33(7) खाली 3 आणि समूह विकासासाठी, म्हणजे अनेक इमारतींच्या एकत्र पुनर्विकासासाठी, नियम 33(9) खाली 4 ही तरतूद वेगळीच. शिवाय निवासी बांधकामाला 35 टक्के फंजिबल क्षेत्र, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारे जादा बांधकाम क्षेत्र, मिळते. म्हणजे 500 चौरस मीटरच्या भूखंडावर मूळ हिशेबाने 665 चौरस मीटर बांधता येत असतील, तर 3 एफएसआय आणि फंजिबल धरून तोच आकडा 2,025 वर जातो. गिरगावातल्या एखाद्या बोळात सर्वसाधारण नियमाने वाढीव हक्क मिळत नसतील, तर तिथे आड येते ती बोळाची रुंदी. अग्निशमन दलाची गाडी जिथे वळत नाही, तिथे याबद्दल तक्रार करणे अवघड आहे.

इमारती कोसळण्याचे विधान सर्वांत गंभीर, आणि इतिहासाशी सर्वांत विसंगत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधली. त्या भाड्यात गच्चीची गळती थांबवणेही मालकाला परवडेना, पागडीवर (एकरकमी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने) राहणाऱ्या भाडेकरूला दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीवर खर्च करण्यात अर्थ वाटेना, आणि दुरुस्ती कोणाचीच राहिली नाही. म्हणूनच 1969 साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ उभारावे लागले; तेव्हा त्याच्याकडे 19,642 इमारती आल्या. वारसा नियम त्यानंतर 26 वर्षांनी आले. काही वारसा वास्तूंच्या दुरुस्तीला परवानग्यांमुळे उशीर होतो, हे मात्र मान्य करायला हवे, आणि तो उशीर कमी व्हायलाच हवा.

राहता राहिला ‘एफएसआय वाढवा, घरे स्वस्त होतील’ हा आशावाद. पुरवठा वाढला तर किमतींवरचा ताण कमी होतो, हे तत्त्व मला अमान्य नाही. परंतु भूखंडावर अधिक बांधता येणार हे कळताच जमिनीचा मालक त्याच प्रमाणात अधिक मागतो, आणि अधिमूल्याच्या रूपाने शासन व महापालिकाही आपला वाटा घेतात. जानेवारी 2021 मध्ये राज्य शासनाने हे अधिमूल्य त्या वर्षाअखेरपर्यंत निम्मे केले, तेव्हा सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे अशी अट घातली होती. सवलत आपणहून ग्राहकापर्यंत पोहोचेल, अशी खात्री शासनालाही नसावी.

या मजकुराने खरे तर टीडीआरवर बोट ठेवायला हवे होते. 1991 च्या नियमावलीत शहर भागात टीडीआर सहसा वापरता येत नसल्याने त्याचा भार मुख्यतः उपनगरांवर पडला. शिवाय वारसा वास्तूच्या मालकाला आपला टीडीआर त्याच बाजारात विकावा लागतो जिथे झोपडपट्टी पुनर्वसनाचा टीडीआर येतो, त्यामुळे त्याच्या भरपाईची किंमत जतनाच्या खर्चावर नव्हे, तर त्या बाजाराच्या चढउतारावर ठरते. नव्या नियमावलीने शहर भाग खुला केला आणि हक्क जिथे निर्माण झाला व जिथे वापरला जाणार त्या दोन्ही ठिकाणच्या रेडीरेकनर दरांचे (शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचे) गुणोत्तर लावले, ही सुधारणा आहेच. पण त्या गुणोत्तरात जमिनीचा भाव मोजला जातो. वापराच्या ठिकाणची जलवाहिनी आणि मलवाहिनी किती भार पेलू शकतील, हे त्यात कुठेच मोजलेले नाही.