"आपल्या वयाच्या मुलांत मिसळ" हे मी लेकीला सांगणं बंद केलं, त्याची गोष्ट

ही पोस्ट दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणत होते. आपलं मूल फार हुशार आहे असं म्हटलं की ते मिरवणं ठरतं. त्या हुशारीपायी त्याला त्रास होतोय म्हटलं तर "असला त्रास आम्हाला द्या" असं उत्तर येतं. मग अशा मुलांचे आईबाप गप्प बसतात. मीही बसले. काल रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं, तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आणि मगच इथे टाकतेय.

ऑगस्ट २०१९. आम्ही सांगलीत, पण नदीपासून लांब, त्यामुळे आमच्या घरात पाणी आलं नाही. लेक सहा वर्षांची होती. टीव्हीवर कृष्णेची आयर्विन पुलाजवळची पातळी सांगत होते आणि ही वहीत उतरवून घेत होती. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे तिला पाठ. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून पुढे किती जातंय, आपल्याकडचं पाणी कधी उतरणार, सगळं मांडून ठेवलेलं. पुरामुळे आमच्याकडे आलेले नातेवाईक कौतुकाने ती वही बघायचे. मग ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटल्याची बातमी आली. तिने वही मिटली. पुढे कितीतरी रात्री ती धड झोपली नाही. "आई, आकडे तर सगळ्यांना दिसत होते. मग माणसांना आधीच का नाही हलवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. याच मुलीला तेव्हा बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि कापडी ससा कुशीत घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती. डोकं चौदा वर्षांचं आणि काळीज सहाचं, असं एकाच फ्रॉकमध्ये राहतं. डोक्याला कळलेलं काळजाला पेलत नाही. हे मला तेव्हा समजलं नाही. मी म्हणाले, "एवढा विचार नाही करायचा गं, जा, खेळ जा."

खेळायला ती जायची. पण पहिलीतल्या पोरींना खेळायला कुणीतरी हवं असतं एवढंच. आज ही, उद्या ती. माझ्या लेकीला अशी मैत्रीण हवी होती जी गुपित सांभाळेल, भांडण झालं तरी परत येईल. एका मैत्रिणीने "उद्या तुझ्याशेजारी बसते" म्हणून सांगितलं आणि दुसरीकडे बसली, तर ही दोन दिवस जेवली नाही. बाई म्हणाल्या, "फार हळवी आहे, जरा मुलांत मिसळायला शिकवा." बाईंचा हेतू चांगलाच होता. पण ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणतज्ज्ञ मिराका ग्रॉस यांनी नेमकं हेच अभ्यासलंय. मैत्रीकडून मुलांची अपेक्षा पायरीपायरीने वाढते. आधी खेळायला जोडीदार, मग गप्पांना कुणीतरी, आणि शेवटी हक्काचा आसरा. फार हुशार मुलं या पायऱ्या कितीतरी आधी चढतात आणि वर जाऊन एकटीच उभी राहतात. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं.

कोविडची दोन वर्षं ती घरीच होती, आणि तीच तिची सगळ्यात शांत वर्षं. त्याचं मला बरं वाटायला हवं होतं, पण भीती वाटली.

शाळा परत सुरू झाल्यावर माझ्या हातून जे झालं ते आजही सलतं. रोज तक्रार यायची की हिच्यामुळे बाकीच्यांना बोलायला मिळत नाही. मी तिला सांगितलं, "उत्तर येत असलं तरी दर वेळी हात वर करू नकोस." चौथीत गणिताच्या चाचणीत २० पैकी १३ गुण पडले. मी विचारलं तर शांतपणे म्हणाली, "सात मुद्दाम चुकवले. आता मी त्यांच्यासारखी झाले ना?"

त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले.

पुढे मानसतज्ज्ञांकडे बुद्ध्यांकाची (IQ) रीतसर चाचणी झाली. आकडा सांगणार नाही, तो तिचा आहे. पण हिशेब सांगते, कारण त्या हिशेबाने माझे डोळे उघडले. सरासरी १०० धरली तर १४५ च्या वरचं माणूस साधारण ७४० मध्ये एक निघतं. १६० च्या वरचं तीस हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत आमच्या महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे सांगली, मिरज, कुपवाड मिळून अशी सोळा-सतरा माणसं, त्यात आजोबाही आले. शाळेच्या वयाची तीन-चार. आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. या पोरीला वर्गात मैत्रीण मिळत नाही यात तिचा काय दोष? आपल्या भाषेत बोलणारं कुणी आजूबाजूला नसेल तर आपणही मुकेच राहू ना?

लेटा हॉलिंगवर्थ नावाच्या मानसतज्ज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. तेव्हाच्या चाचणीत १८० च्या वर गेलेली बारा मुलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. १९३९ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९४२ मध्ये निघालं. त्यांचं निरीक्षण असं की १२५ ते १५५ च्या दरम्यानची मुलं चारचौघांत छान रुळतात, बरेचदा पुढारीही होतात. त्यावर गेलं की एकटेपण सुरू होतं. ते स्वभावात नसतं, जोडीचं कुणी भेटलं की कमी होतं. म्हणून "हुशार मुलांना कसली आलीय मदत" हे वाक्य मला आता सहन होत नाही.

एका परिचितांनी पेपरात फोटोसह बातमी छापून आणतो म्हटलं. मी हात जोडले. घरी पाहुणे आले की "तो २९ चा पाढा म्हणून दाखव गं" हेही आम्ही बंद केलं, आज्जी आठवडाभर रुसली तरी. अमेरिकेतला विल्यम सायडिस १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डला गेला आणि वर्तमानपत्रांनी त्याला कधी सोडलंच नाही. मोठेपणी तो साधी कारकुनी करून लपून राहत होता, तरी १९३७ मध्ये 'न्यूयॉर्कर'ने त्याला शोधून काढून त्याच्यावर लेख छापला. तो कोर्टात गेला, खासगीपणाचा दावा हरला, आणि १९४४ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी वारला. माझ्या मुलीला "वंडर गर्ल" व्हायचं नाही. तिला डबा कुणाबरोबर तरी खायचाय.

शाळेचं काय करायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालली. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने अशा मुलांसाठी पाचवीपासूनची प्रशाला १९६९ मध्येच सुरू केलीय, त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दहा वर्षांची पोर घरापासून लांब ठेवायला आमचं मन धजलं नाही. वर्ग उडी मारून पुढे जाणंही आपल्याकडे सोपं नाही. अगदी मुक्त विद्यालयाच्या दहावीलाही १४ वर्षं पूर्ण लागतात. शेवटी शाळा बदलली. नव्या मुख्याध्यापकांनी एकच गोष्ट केली: गणिताच्या तासाला पाचवीतली ही आठवीत बसेल, बाकी सगळं आपल्या वर्गासोबत. कुठलं अनुदान लागलं नाही, कुठला शासन निर्णय लागला नाही. वेळापत्रकात एक तास इकडचा तिकडे केला. खेळाच्या तासाला ती पाचवीतल्या मुलींबरोबर लंगडी खेळायची आणि सपाटून हरायची. घरी येऊन ते सांगताना हसायची.

आणि वाचनालयात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका भेटले. त्यांच्या घरी आम्ही जातो, काकू चहा टाकतात, मी तिथेच बसून असते. सहाव्या वर्षी विचारलेला तो प्रश्न तिने दहाव्या वर्षी त्यांना विचारला. त्यांनी "सोड गं" म्हटलं नाही. विसर्ग कोण ठरवतं, निरोप कसे जातात, गोठ्यात जनावरं असली की माणूस घर का सोडत नाही, सगळं दोन तास समजावलं. शेवटी म्हणाले, "मलाही त्या वर्षी झोप लागली नव्हती बाळा." गाडीवर परत येताना ती माझ्या पाठीला डोकं टेकून होती. त्या रात्री झोपली.

तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर बाईंनो, सरांनो, त्याला "मिसळ" म्हणण्याआधी कुणात मिसळायचं ते शोधून द्या. दोन वर्ग पुढचं कुणी असेल, बुद्धिबळाच्या क्लासचे आजोबा असतील, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचं एखादं मूल असेल. एक पुरतं. आणि सांगली-मिरजेकडच्या आयांनो, तुमच्या घरी असं मूल असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. लाजू नका, मी मिरवताय असं म्हणणार नाही.

गेल्या वर्षी असाच एक मेसेज आला होता. कुपवाडची मुलगी, माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघींचं आधी जमलं, मग धूमकेतूवरून कडाक्याचं भांडण झालं, नऊ दिवस अबोला. दहाव्या दिवशी ती सायकलवरून स्वतः आली. या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा काका-काकूंना घेऊन दोघी पुलावर पाण्याच्या पातळीची पट्टी बघायला गेल्या. जुनी वही लेकीने सोबत नेली होती, आता त्यात दोघींची हस्ताक्षरं आहेत. मला घरीच थांबायला सांगितलं.