कटऑफवरून शाखेची लायकी ठरत नाही

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ज्या शाखेला प्रवेश मिळणं सर्वांत अवघड, ती अभ्यासालाही सर्वांत अवघड. म्हणून कॉम्प्युटर हुशार मुलांचं. सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल उरलेल्यांचं. शेवटी एक सल्ला असतो: सोप्या शाखेतून आत शिरा, मग शाखा बदलून घ्या. हे वाचून मिळालेल्या शाखेची लाज वाटून घेणारी मुलं असतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कटऑफ म्हणजे अवघडपणा, हा पहिला दावा. क्लोजिंग रँक हा त्या शाखेत सर्वांत शेवटी जागा मिळालेल्या विद्यार्थ्याचा क्रमांक. तो ठरतो जागा किती आहेत आणि वरच्या मुलांनी पसंतीक्रमात काय आधी लिहिलं यावर. अभ्यासक्रमाचा त्यात कुठेच संबंध येत नाही. आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स अलीकडे खुल्या गटात ७०व्या क्रमांकाच्या आसपासच भरतं. ही चुरस खरी आहे, ती कोणी नाकारू नये. पण पसंती बाजाराबरोबर हलते. २००० नंतर डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा, फुगा फुटला तेव्हा अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सकडे नव्याने वळणाऱ्यांची संख्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. त्या काळात कंपायलरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर काही सोपा झाला नव्हता. पेट्रोलियम इंजिनिअरिंगचीही तीच गत. २०१४च्या मध्यापर्यंत कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, तोवर या शाखेकडे ओढा होता. २०१६च्या सुरुवातीला भाव ३० डॉलरच्याही खाली गेला आणि तिथली गर्दी ओसरली. ज्यांनी तेजी बघून प्रवेश घेतला होता, त्यांच्या हातात पदवी पडली ती मंदीत.

‘उरलेल्यांची शाखा’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत जास्त खटकतो. केमिकल सोपं वाटणाऱ्याने डिस्टिलेशन कॉलमचं, म्हणजे मिश्रण उकळून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याचं, एक गणित कागदावर सोडवून पाहावं. आलेखावर द्रव आणि वाफ यांच्या समतोलाची वक्ररेषा काढायची, तिच्याखाली कॉलम प्रत्यक्ष कसा चालतो ते दाखवणाऱ्या ऑपरेटिंग लाइन आखायच्या आणि दोन्हींच्या मधून पायऱ्या उतरत जायचं. एक पायरी म्हणजे एक सैद्धांतिक ट्रे, कॉलममधला द्रव आणि वाफ भेटण्याचा एक आडवा टप्पा. वरून परत सोडला जाणारा द्रव, म्हणजे रिफ्लक्स, कमी केला की रेषा वक्राच्या जवळ सरकतात आणि पायऱ्या वाढत जातात. एका मर्यादेखाली तर कितीही ट्रे लावले तरी हवी तेवढी शुद्धता मिळत नाही. रिफ्लक्स वाढवावा तर वाफेचा खर्च वाढतो. मॅककेब आणि थील यांनी १९२५मध्ये दिलेली ही पद्धत दोन घटकांच्या मिश्रणासाठी आहे; घटक वाढले की कागद-पेन्सिलीने भागत नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या अभ्यासात भेटणारी नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं घ्या. त्रिमितीत त्यांची उत्तरं कायम सुरळीत राहतात की नाही, हे अजून सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी क्ले या गणित संशोधन संस्थेने २०००मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं आहे. या शाखांना दुय्यम म्हणताना निदान त्यांची पुस्तकं तरी उघडून बघावीत.

राहिला शाखा बदलण्याचा सल्ला. तो सरसकट देणं धोक्याचं आहे, कारण प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा. अमेरिकेतलीच तीन विद्यापीठं बघा. तिथल्या एमआयटीत प्रवेश शाखेनुसार होतच नाही. पहिल्या वर्षानंतर विद्यार्थी आपली शाखा जाहीर करतो आणि तिथे शाखेवर मर्यादा नसते. टेक्सस ए अँड एममध्ये सगळे आधी सामाईक इंजिनिअरिंगला येतात. पहिल्या वर्षी ४ पैकी ३.७५ जीपीए (सरासरी गुणांक) असेल तर पहिल्या पसंतीची हमी, त्याखाली चढाओढ. म्हणजे तिथली स्पर्धा प्रवेशाच्या दारात नसून पहिल्या वर्षाच्या परीक्षांत आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये बायोमेडिकल हवं असेल तर अर्जातच तसं सांगावं लागतं आणि त्या शाखेची निवड वेगळी होते. ‘आधी आत शिरू, मग बघू’ म्हणणारा तिथे अडकतो. मेसेज लिहिणाऱ्याचं काही जात नाही, मुलाची चार वर्षं जातात.

अर्ज भरण्याआधी त्या विद्यापीठाचा शाखाबदलाचा चालू वर्षाचा नियम वाचा. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात किती जणांना शाखा बदलून मिळाली, हे प्रवेश विभागाला विचारा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी मुलाला स्वतः वाचू द्या.