वॉचमनचं ‘नाही’ धरायचं का?

भांडुपला आमचा कट्टा म्हणजे पिठाच्या गिरणीची पायरी. गिरणी आठला बंद होते, मग आम्ही बसतो. पँटला पीठ लागतं, पण जागा सोडवत नाही. रविवारी संद्या आला आणि कटिंग हातात धरून नुसताच बसला. वर साय आली तरी घोट नाही.

पोराचं नाव आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळेत मिळणाऱ्या मोफत जागांच्या, सोडतीत लागलेलं. पडताळणी समितीने कागद तपासून शिक्का दिलेला. शाळेच्या गेटवर मात्र वॉचमनने आतला निरोप सांगितला, "पहिलीच्या जागा भरल्या." तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा गेटवरूनच परत.

"शाखेत जाऊ," बाळ्या लगेच. "एक फोन गेला ना, मॅडम स्वतः चहा पाजेल."

"आणि वर्षभर पोराला शेवटच्या बाकावर बसवेल," नंदू म्हणाला. त्याचं मत, नादच सोड. "फी नाही घेणार, पण पिकनिक, गॅदरिंग, प्रोजेक्ट? सरकार शाळेला एका पोरामागे वर्षाला १७,६७० रुपये देणार, तेही रखडवत. मग शाळा तोंड वाकडं करणारच. त्यापेक्षा पालिकेच्या शाळेत घाल. जोगेश्वरीला पूनमनगरात २०२० पासून सीबीएसई आहे त्यांची."

"पहिलीतलं पोर भांडुपवरून जोगेश्वरीला?"

"अरे, उदाहरण दिलं!"

प्रशांत इतका वेळ गप्प होता. फोर्टात वकिलाकडे कारकून आहे, कागदाशिवाय त्याला काही दिसत नाही. त्याने एवढंच विचारलं, "नाही कोण म्हणालं?"

"वॉचमन."

"मग तुला अजून कोणी नाही म्हटलेलंच नाही."

संद्या भडकला. त्याचंही बरोबर होतं, तीन हाफ-डे गेले होते त्याचे. पण प्रशांतचा मुद्दा मला पटला. अपील करायचं तर ज्याच्यावर करायचं तो निर्णय हातात पाहिजे. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यायचा, त्यात सोडतीचा अर्ज क्रमांक, पडताळणीची तारीख आणि एकच मागणी : प्रवेश का देत नाही ते लेखी कळवा. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. घेतच नाहीत म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवायचा. मग तोच कागद जोडून पालिकेच्या शिक्षण खात्याकडे तक्रार. कायद्याच्या कलम ३२ मध्ये लिहिलंय, लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील.

"तीन महिने!" बाळ्या उसळला. "तोवर सहामाही येईल. पोर काय घरी पाढे म्हणत बसणार?"

इथे बाळ्याचं खोटं नव्हतं. कायद्यातले तीन महिने आणि सहा वर्षांच्या पोराचे तीन महिने सारखे नसतात. प्रशांतही जरा थांबला. मग म्हणाला, "म्हणून तर आज लिहू. तीन खेपांत जे दिवस गेले ते कुठे मोजणार? पोच नाही त्यांची." वर ऐकवलं, २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळांना यातून सूटच दिली होती. जुलैत हायकोर्टाने ती रद्द केली. "कोणीतरी कागद घेऊन गेलं म्हणूनच ना?"

नंदू पुटपुटला, "कोर्टात गेलेल्यांची पोरं कोणत्या शाळेत आहेत बघ." त्याला उत्तर कोणी दिलं नाही.

अर्ज तिथेच लिहिला, टपरीच्या ट्यूबखाली, बाळ्याच्या पाठीवर वही ठेवून. संद्याने आधी ‘कृपा करून’ दोनदा घातलं, प्रशांतने दोन्ही खोडायला लावलं. "विनंती एकदाच."

सोमवारी साडेअकराला ग्रुपवर फोटो आला : आवक क्रमांक, तारीख, निळा गोल शिक्का. बाळ्याने लिहिलं, शिक्का अर्धाच उठलाय.

प्रशांतचा रिप्लाय, "तारीख वाचता येते ना? बास."