दहा मिनिटांत उरकायला सांगितलेली पूजा

शनिवारी संध्याकाळी इथे कॅलिफोर्नियात, पूर्व सॅन होजेत एका छोट्या, वस्तीतल्या लोकांनीच उभ्या केलेल्या आर्ट गॅलरीचं उद्घाटन होतं. लेकीच्या मैत्रिणीची आई तिथे नाचणार होती, म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. पत्रिकेवर छापलं होतं: साडेसहा, अ‍ॅझ्टेक (म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या मूळ लोकांचं) नृत्य, दहा मिनिटं. मग भाषणं, मग चित्रं, मग खाणं. दोन दिवस झाले, ती दहा मिनिटं डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितेय.

आम्ही जरा लवकरच पोचलो. मैत्रिणीची आई पायरीवर बसून घोट्यांना चामड्याचे पट्टे बांधत होती. पट्ट्यांवर ओळीने सुकलेल्या फळांची टणक कवचं शिवलेली. त्यांना आयोयोते म्हणतात. पाऊल टाकलं की सगळी एकदम खळखळतात, पावसाची सर पत्र्यावर यावी तशी. तिने एक पट्टा हातात दिला आणि मी बघतच राहिले. बिट्टी! साताऱ्याला आमच्या कुंपणाला पिवळी कण्हेर होती, तिच्या बिट्ट्यांनी आम्ही दुपारच्या दुपार खेळायचो. (आणि तोंडात घातली तर विषारी असते म्हणून आजीच्या शिव्या खायचो.) ही कवचं अगदी तीच नव्हेत, पण तिच्या सख्ख्या भावंडाची. घरी येऊन वाचलं तर आपली बिट्टीसुद्धा मूळची मेक्सिकोकडचीच. या झाडांचं शास्त्रीय नाव कास्काबेला, आणि स्पॅनिशमध्ये कास्काबेल म्हणजे घुंगरू.

लेक म्हणाली, "किती मस्त कॉस्च्युम!" तिच्या मैत्रिणीने लगेच सांगितलं, कॉस्च्युम म्हणायचं नाही, त्राहे म्हणायचं, स्पॅनिशमध्ये पोशाख. सोंगाचे कपडे वेगळे आणि हे वेगळं. नऊ वर्षांच्या पोरीला हे माहीत होतं. डोक्यावरच्या पिसांच्या मुकुटाला कोपिली म्हणतात, तिच्या आईची फेझंटच्या लांब पिसांची होती. ती डोक्यावर चढवताना ती क्षणभर गप्प झाली, तेव्हा मीही बोलणं थांबवलं.

आत धूर चालणार नाही, फायर अलार्म वाजेल, असं आयोजकांनी सांगितलं. ते मला पटतं. मग गटातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, आपण बाहेर करू. पार्किंगमध्येच मधोमध वेवेत्ल ठेवला. वेवेत्ल म्हणजे पोकळ ओंडक्याला वर कातडं ताणलेला उभा ढोल. त्याच्या पायाशी कापड पसरून फुलं, फळं, पाणी, मेणबत्ती. साउमादोरा, म्हणजे अग्नी सांभाळणारी बाई, तिच्या मातीच्या धुपाटण्यात निखाऱ्यांवर कोपाल नावाची राळ टाकत होती. रिंगणात येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो धूप दिला. मग शंख फुंकला आणि चारही दिशांना वळून नमस्कार झाला. प्रत्येक नाचाच्या आधी पायाने एक छोटी आकृती काढतात, तिला पेर्मीसो म्हणतात. परवानगी मागणं. कुणाची म्हणाल तर जमिनीची, पूर्वजांची, ढोलाची.

आणि याच वेळी लोक हातात वाइनचे ग्लास घेऊन रिंगणातून आरपार चालले होते. एकजण निखाऱ्यांच्या शेजारी उभा राहून सेल्फी काढत होता. तिसरा नाच अर्ध्यावर असताना माइकवरून आवाज आला: "आपल्या कलाकारांसाठी जोरदार टाळ्या! आता सगळ्यांनी आत या." ढोल थांबला. गर्दी आत गेली. गटातलं कुणीही जागचं हललं नाही. आयोजक घड्याळ दाखवत बोलवायला आले, तेव्हा त्या वडीलधाऱ्या बाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, "जे उघडलंय ते मिटवल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही." मग पुन्हा चार दिशा, पुन्हा शंख, "ओमेतेओत्ल" असा त्यांच्या देवाच्या नावाचा एकत्र घोष. बघायला आम्ही जेमतेम सहा-सातजण उरलो होतो.

उत्तरपूजा झाल्याशिवाय आपण गणपती जागेवरून हलवतो का? हे ज्याच्या घरी होतं त्याला त्या बाईंचं वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. दहाच मिनिटं असतील तर या लोकांना बोलावू नका. उद्घाटनाला रंगत आणायला दुसरे पुष्कळ प्रकार आहेत. यांना बोलावलं तर तास द्या, मोकळी जागा द्या, रिंगण ओलांडू नका असं लोकांना आधी सांगा, आणि भाषणं त्यांनी मिटवल्यावर सुरू करा. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालायचे. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ-तुणतुणं रात्रभर. आजोबा मधे कुणाला उठू द्यायचे नाहीत. तोच गोंधळ इथे एका कार्यक्रमात रेकॉर्डवर चार मिनिटांत नाचून झालेला पाहिला, तेव्हाही असंच पोटात तुटलं होतं.

फोटो टाकल्यावर एका मित्राने लिहिलं, "हे खरं अ‍ॅझ्टेक थोडंच आहे, मागाहून जुळवलेलं आहे." यावर मला नीट बोलायचंय. १५२१ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. मंदिरं पाडली आणि त्यांचे दगड चर्चच्या बांधकामात गेले. त्यानंतर नाच उरला तो चर्चच्या अंगणात, संतांच्या नावाने. आर्माडिलो नावाच्या प्राण्याच्या कवचाची कोंचा नावाची तंतुवाद्यं आली, आणि ती वाजवणारे ते कोंचेरो. कॅथलिक प्रार्थना आणि जुनी पावलं एकाच रिंगणात नांदली. १९७० च्या दशकात फ्लोरेन्सियो येस्कास आणि आंद्रेस सेगुरा यांच्यासारखे गुरू मेक्सिकोहून इकडे अमेरिकेत शिकवायला आले. त्या काळात इथली चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाची अमेरिकन, पोरं आपलं काय उरलंय ते शोधत होती. २२ एप्रिल १९७० ला सॅन डिएगोत पुलाखालच्या जागेवर हायवे पोलिसांचं ठाणं होणार म्हणताच वस्तीने ती जागा अडवून धरली. तिथे चिकानो पार्क झालं, आणि तिथल्या एप्रिलच्या उत्सवात आजही हे रिंगण धरतात. एवढं सगळं मोडल्यावर जे पुन्हा जोडलं, त्यात सांधे दिसणारच. सांधे दिसतात म्हणून ते खोटं, हे मला मान्य नाही. देवळं पडली तेव्हा मूर्ती विहिरीत लपवणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो आहोत, आपल्याला तरी हे कळायला हवं.

गॅलरीच्या लोकांवर माझा राग नाही. चित्रं सुंदर आहेत, वस्तीच्या पोरांनी काढलेली, जरूर जाऊन बघा. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलंय: पुढच्या वेळी एक तास, अंगण आणि माइक बंद. त्या बाईंना आधी दाखवलं, त्यांनी एक ओळ वाढवायला सांगितली, की ढोलापाशी पाणी आणि फुलं गॅलरीने ठेवावीत. ती घातली आहे. उत्तर आलं की इथेच कळवेन.