फाटकावर सिंह बसवताना

भाऊ, बंगला झाला, टाइल्स चकाकल्या, वास्तुशांतीला अर्ध्या सावद्याने वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी हाणली. पण फाटकाचे खांब बोडके राहिले तर केळीचा सगळा पैसा मातीत गेला म्हणून समजा. आजच सिंह आणा. जोडीने.

बैल बसवायचं मनातसुद्धा आणू नका. मळा त्याच्या जिवावर उभा राहिला हे खरं, पण पोळ्याला पुरणपोळी चारली की तो हिशेब मिटतो. शिवाय बैल दिसला की आपली माणसं त्याचे दात बघतात आणि भाव विचारतात. दरारा हवा, तर पंचक्रोशीत कुणी न पाहिलेलाच प्राणी पाहिजे. इंग्लंडच्या राजांना हे केव्हाच कळलं होतं. तिथल्या रानात सिंह औषधालाही नव्हता, तरी ११९८ साली पहिल्या रिचर्डच्या शिक्क्यावर एकदम तीन आले. स्कॉटलंडवाले त्याहून पोचलेले. त्यांनी जगात कुठेच नसलेला, कपाळावर शिंग असलेला घोडाच धरला! बिबट्या मात्र टाळा. तो यावलकडे खरोखर फिरतो. लोक घाबरायचे सोडून वनखात्याला फोन करतील.

सिंह घ्याल तो पंजाखाली गोळा असलेलाच घ्या. त्या नमुन्याची नामांकित जोडी इटलीतल्या धनाढ्य मेदिची घराण्याची, १७८९पासून फ्लॉरेन्सच्या चौकात उभी आहे. त्यातला एक प्राचीन रोमन, दुसरा जोड लागावी म्हणून सोळाव्या शतकात घडवून घेतलेला. बड्यांच्या घरी ही तऱ्हा, मग तुमचे दोन्ही सिमेंटचे निघाले तर लाजायचं कशाला?

पाठीला पाठ लावलेले सिंह मात्र नकोत. ती राजमुद्रा, २००५च्या कायद्यात तिच्या गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. निवडून येईपर्यंत थांबा.

रंग सोनेरीच द्या. मे महिन्याच्या उन्हात त्याचे पोपडे सुटतील, आधी आयाळ जाईल, मग नाक. अशात अमळनेरची आत्या येईल आणि रिक्षातून उतरता उतरता विचारेल, “हाऊ वाघ शे का कुत्रं शे?” हसा, आणि बोलणं कापसाच्या भावावर न्या.

आणि हो, दूधवाल्याला आधीच सांगून ठेवा. उघडा जबडा दिसला की तो पहाटे पिशवी तिथेच अडकवून जातो. सिमेंटचा सुळा लिटरभर दूध पेलतो; दिवाळीत बासुंदीसाठी जास्तीचं सांगितलंत, तर मोडतो.