उचल दिली म्हणजे माणूस विकत घेतला नाही

गेल्या उन्हाळ्यात कंपाउंडच्या विटा ठरवायला नाशिकजवळच्या एका भट्टीवर गेलो होतो. एक कातकरी जोडपं विटा पाडत होतं, आठ-नऊ वर्षांची पोर कच्च्या विटा उन्हात पलटत होती. सहज विचारलं, "गावी कधी जाणार?" बाई म्हणाली, "उचल फिटली की." उचल म्हणजे कामाआधीच मालकाकडून घेतलेले पैसे. वाचता येत नसल्यानं तिच्या नवऱ्यानं वही माझ्यापुढे धरली. पावसाळ्यात पोराच्या आजारपणाला घेतलेले पैसे, मग आठवड्या-आठवड्याची खर्ची, सगळं एकाखाली एक. पाडलेल्या विटांचा आकडा कुठंच नाही. तो मालकाच्या वहीत.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "कुणी पळवून थोडंच आणलंय? आपल्या पायांनी आलेत." मला राग येतो तो याच वाक्याचा. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला गाडीत कोंडलेल्या मुलीच दिसतात. पण नडलेल्या माणसाच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला राबायला नेणं हीसुद्धा तस्करीच. तो "हो" म्हणाला म्हणून ती धुतली जात नाही. घरात दाणा नसताना म्हटलेला "हो" कसला? आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच दमात निषिद्ध केलेत, ते उगाच नाही.

२०२२ साली आपल्याच इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या वळायला धाडल्याचं उघड झालं. तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. मेंढी देऊन पोर नेणाऱ्याला आपण तस्कर म्हणतो. मग उचल देऊन अख्खं कुटुंब अडकवणाऱ्याला "मालक" का म्हणायचं?

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज कायमचं रद्द होतं. ते वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही सावकारावरच असते. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं हीच सक्तीची मजुरी ठरवली. त्या जोडप्याला यातलं एक अक्षरही कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मीही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

घर बांधताना आपण विटांचा भाव विचारतोच. सोबत मजुरांना हजार विटांमागे किती मिळतात, हिशोब त्यांच्यासमोर होतो का, मधेच गावी जायचं म्हटलं तर जाऊ देतात का, हेही विचारा. उत्तर टाळलं तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. लहान मूल राबताना दिसलं तर तिथूनच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.